विश्वासाला कुलूप असावे काय?

सार्वजनिक न्यासांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय आहे. शाळा चालविणाऱ्या संस्था, वसतिगृहे, वाचनालये, सेवाभावी ट्रस्ट यांच्या लेखापरीक्षणासाठी परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत माझे येणे-जाणे असते. जिंतूर असो वा गंगाखेड, सेलू असो वा पूर्णा, एक प्रश्न मला जवळपास प्रत्येक कार्यालयात ऐकावा लागतो. एखादी पावती मागितली, एखाद्या नोंदीचा आधार विचारला किंवा संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे अशी चौकशी केली, की समोरचे वयोवृद्ध सचिव चष्मा काढून म्हणतात, "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?"

हा प्रश्न कधी रागाने विचारला जातो, कधी दुखावलेल्या मनाने. प्रारंभीची अनेक वर्षे मी तो हसून टाळीत असे. परंतु तो टाळण्यासारखा नाही, कारण तो हिशेबाचा नसून ईमानाचा प्रश्न आहे. दिव्य कुरआनने श्रद्धावंतांना गुमानापासून, म्हणजे विनाकारण केलेल्या वाईट तर्कापासून दूर राहण्याची आज्ञा केली आहे, कारण काही गुमान हे पाप असतात. त्याच आयतीत एकमेकांची हेरगिरी करण्यासही मनाई आहे (४९:१२). मग ज्याचा व्यवसायच विचारणे, शोधणे आणि पडताळणे हा आहे, त्याने या आज्ञेपुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे? पडताळणी हे संशयाचेच सभ्य नाव आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. ते एका चुकीतून मिळाले, आणि ती चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेचे लेखापरीक्षण माझ्याकडे होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. माणसे सज्जन होती, हिशेब नेटके होते. कार्यालयात चार कर्मचारी आणि दोन संगणक होते. त्यांपैकी एका संगणकावर गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीचे काम चाले. विद्यार्थ्यांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती, सारे त्यात होते. हे काम गंगाखेडकडच्या एका तरुण लिपिकाकडे होते. त्याचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटविलेली होती. तो जेवायला गेला तर दुसरा कोणी त्याच्या नावाने काम पुढे चालवी. सकाळी संगणक सुरू झाला की संध्याकाळपर्यंत त्याच एका नावाने उघडा राही.

मी ते पाहिले. सचिवांना तोंडी म्हणालोही, "हे बरे नाही." ते म्हणाले, "साहेब, इथे सगळे एका घरातल्यासारखे आहेत." चहा आला. ज्या घरी चहा घेतला त्या घराविरुद्ध कागदावर चार ओळी लिहिणे माझ्या जिवावर आले. शिवाय मी स्वतःची समजूत घातली की पासवर्ड म्हणजे काही पैसा नव्हे. रोकड जुळली, बँकेचे उतारे जुळले, झाले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० नुसार न्यासाच्या कारभारातील अनियमितता अहवालात नोंदविणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे. मी त्या चिठ्ठीचा उल्लेख केला नाही. या वागण्याला आम्ही मुरव्वत म्हणतो, आणि तो शब्द किती गोड वाटतो!

दुसऱ्या वर्षी मी गेलो तेव्हा कार्यालयाचे वातावरण बदललेले होते. साहाय्यनिधीच्या यादीत सात विद्यार्थ्यांचे खातेक्रमांक कोणीतरी बदलले होते. प्रत्येकी १२,००० रुपये, एकूण ८४,००० रुपये भलत्याच खात्यांत गेले होते. ती खाती कोणा मजुरांच्या नावांवर होती आणि त्यांनी थोड्या पैशांसाठी आपले पासबुक व कार्ड दुसऱ्याच्या हवाली केले होते. त्या सातांत एक ऊसतोड कुटुंबातील मुलगी होती. पैसे वेळेवर न आल्याने तिचे परीक्षेचे शुल्क राहिले आणि तिचे एक वर्ष गेले.

खातेक्रमांक कोणी बदलले? संगणकातील नोंद स्पष्ट होती. दुपारी १ वाजून ४० मिनिटे, आणि नाव त्या तरुण लिपिकाचे. तो म्हणे की त्या वेळी मी जेवायला गेलो होतो. असेलही. पण त्याच्या नावाने रोज चार जण काम करीत होते हे सांगायला आता एकही जण पुढे आला नाही. एका घरातली माणसे एका दिवसात चार घरांची झाली. चौकशी झाली, जाबजबाब झाले. अपराध ना त्याच्यावर सिद्ध झाला, ना दुसऱ्या कोणावर. संस्थेने रक्कम भरून काढली. मुलाने राजीनामा दिला आणि गाव सोडले.

त्याचे वडील एके दिवशी परभणीला माझ्या कार्यालयात आले. कोरडवाहू शेतकरी, अंगावर धुवट धोतर. ते भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, मागच्या साली तुम्ही ती चिठ्ठी बघितली होती म्हणतेत. मग लिहून का नाही ठेवलं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझ्या अहवालात एक ओळ असती, की हा पासवर्ड सर्वांना ठाऊक आहे आणि सर्व जण तो वापरतात, तर ती एक ओळ त्या मुलाची साक्षीदार झाली असती. सचिवांचा मान राखण्यासाठी मी एका निरपराध असू शकणाऱ्या माणसाचा साक्षीदार पुसून टाकला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, त्या दिवसापासून मी कुरआनकडे या एका प्रश्नासाठी पुन्हा वळलो, आणि जे आधी नजरेसमोरून अनेकदा गेले होते ते प्रथमच दिसले.

ज्या सूरह अल-हुजुरातमध्ये गुमान आणि हेरगिरी यांची मनाई आहे, त्याच सूरहमध्ये सहा आयती अगोदर आज्ञा आहे की एखादा अविश्वसनीय माणूस बातमी घेऊन आला तर तिची शहानिशा करा. न जाणो, अजाणतेपणी तुम्ही एखाद्या समूहाला अपाय कराल आणि नंतर पश्चात्ताप करीत बसाल (४९:६). म्हणजे पडताळणी आणि गुमान या एकाच वाटेवरच्या गोष्टी नाहीत. गुमान म्हणजे पुराव्याशिवाय मनाने दिलेला निवाडा. पडताळणी म्हणजे पुरावा मिळेपर्यंत निवाडा देण्यास मनाने दिलेला नकार. जेथे पडताळणीची सोय असते तेथे गुमानाची गरजच उरत नाही. जेथे ती नसते तेथे संकटाच्या पहिल्याच दिवशी सर्वांच्या मनात गुमानाचे रान माजते. त्या कार्यालयात नेमके हेच घडले. ज्या विश्वासाचा आम्ही अभिमान बाळगला त्यानेच शेवटी सर्वांना एकमेकांविषयी संशयी केले.

दुसरी गोष्ट सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीची. ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे, आणि तिचा विषय आहे कर्जाच्या व्यवहाराची लेखी नोंद. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका असे तीत बजावले आहे. साक्षीदार ठेवा, आणि लेखनिकाला व साक्षीदाराला त्रास होऊ नये याचीही काळजी घ्या, असे सांगितले आहे. ही आज्ञा श्रद्धावंतांना उद्देशून आहे, म्हणजे ज्यांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा अशी सर्वाधिक अपेक्षा आहे त्यांनाच! आणि कारणही तेथेच दिले आहे. असे करणे अधिक न्याय्य आहे, साक्षीला बळकटी देणारे आहे आणि तुम्ही संशयात पडू नये यासाठी अधिक योग्य आहे. लेखी नोंद ही संशयाची खूण नसून संशयावरचे औषध आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

येथे कोणी म्हणेल की पुढच्याच आयतीत सवलत आहे. प्रवासात लेखनिक न मिळाल्यास आणि तुमचा एकमेकांवर विश्वास असल्यास ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने अमानत परत करावी (२:२८३). हे खरे आहे. इस्लामने विश्वासाला हद्दपार केलेले नाही. नुसत्या विश्वासावर उभा असलेला व्यवहार त्याला मान्य आहे. पण तेथे विश्वास टाकणारा स्वतःच्या मालाचा धनी असतो. मी माझे पैसे नोंद न करता भावाला दिले तर तो माझा मोठेपणा ठरेल. माझ्या हाती असलेले यतीमाचे पैसे मी नोंद न करता भावाच्या हाती दिले तर तो मोठेपणा नव्हे, खियानतीचे दार उघडणे आहे. दुसऱ्याच्या अमानतीवर आपल्याला उदार होता येत नाही. त्या संस्थेतील सचिवांचा विश्वास आणि माझी मुरव्वत, दोन्ही ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या खर्चाने दाखविलेली औदार्ये होती.

हजरत याकूब (अ.) यांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. मुलांनी धाकट्या भावाला सोबत नेण्याची परवानगी मागितली तेव्हा पित्याने आधी विचारले, की पूर्वी त्याच्या भावाविषयी तुमच्यावर जसा विश्वास टाकला तसाच याच्याविषयीही टाकू काय? आणि मग अल्लाहच्या नावाने पक्के वचन घेतल्यावरच त्याला पाठविले (१२:६४-६६). बाप होते, प्रेषित होते, आणि समोर पोटची मुले होती. तरीही वचन घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही.

आता माहितीविषयी. आपल्या लोकांना दागिना ही अमानत वाटते, रोकड अमानत वाटते. कागदावरील चार अंक अमानत वाटत नाहीत. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याची आज्ञा (४:५८) ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर तिजोरी येते. परंतु अबू दाऊद व तिरमिजी यांच्या संग्रहांत एक प्रेषितवचन आले आहे. त्याचा आशय असा, की एखादा माणूस तुमच्याशी बोलतो आणि बोलताना आजूबाजूला वळून पाहतो, तर ते बोलणे अमानत होय. त्याने "कोणाला सांगू नका" असे म्हटलेलेही नसते! त्याची मान वळली, एवढ्यानेच तुमच्यावर जबाबदारी आली. हजरत अनस (रजि.) लहान असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना एका कामासाठी पाठविले. घरी परतायला उशीर झाला तेव्हा आईने कारण विचारले. मुलाने सांगितले की ते प्रेषितांचे गुपित आहे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी ते काढून घेण्याचा प्रयत्न केला नाही, उलट प्रेषितांचे गुपित कोणालाही सांगू नकोस, असे मुलाला बजावले. स्वतःची उत्सुकता आवरून मुलाला अमानत शिकविणारी ही आई आपल्या घरांत हवी आहे.

माहितीच्या अमानतीत एक अडचण अशी आहे, की ती चोरीला गेली तरी जागच्या जागीच असते. सोने गेले की डबा रिकामा दिसतो. आधार क्रमांक गेला, खातेक्रमांक गेला, तरी फाईल पूर्वीइतकीच जाड असते. म्हणून येथे राखणदाराला अधिक जागे राहावे लागते. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी मागताना स्वतःचे दोन गुण सांगितले, की मी रक्षण करणारा आहे आणि जाणणारा आहे (१२:५५). नुसता प्रामाणिकपणा पुरेसा नाही. जे राखायचे त्याचे ज्ञानही हवे. आमचे सचिव प्रामाणिक होते यात शंका नाही. पण ते काय राखीत आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते.

आपल्या देशाचा कायदाही आता या विचाराजवळ आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. या कायद्यात दुसऱ्याची माहिती बाळगणाऱ्या संस्थेला जे नाव दिले आहे त्याचा अर्थच मुळी विश्वस्त असा होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर अमीन. माहिती ज्याची आहे तो धनी आणि ती ठेवणारा अमीन. चौदाशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या घरात परवानगी मागून आणि सलाम करूनच प्रवेश करा, परत जा म्हटले तर परत जा (२४:२७-२८) अशी शिकवण ज्यांना मिळाली, त्यांना हा कायदा परका वाटू नये. बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत एक प्रसंग आहे. एक जण प्रेषित (स.) यांच्या दाराच्या फटीतून आत डोकावला. प्रेषितांनी त्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली आणि परवानगीचा नियम नजरेसाठीच आहे, हे समजावून दिले. दार न ओलांडताही घरात शिरता येते. नुसत्या नजरेनेही शिरता येते. दुसऱ्याच्या मोबाईलच्या पडद्यावर वाकून पाहणारा त्याच फटीशी उभा असतो.

माहितीचे रक्षण म्हणजे केवळ ती लपविणे नव्हे. ती खऱ्या माणसाकडूनच आली आहे, याची खातरी करणे हाही त्याचा भाग आहे. प्रेषित (स.) यांनी परदेशच्या राजांना पत्रे लिहिण्याचे ठरविले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की शिक्क्याशिवायचे पत्र ते वाचत नाहीत. तेव्हा प्रेषितांनी चांदीची अंगठी करवून घेतली आणि तीवर 'मुहम्मद रसूलुल्लाह' हे शब्द कोरविले. यातील दुसरा भाग आपण सहसा सांगत नाही. इतर कोणीही आपल्या अंगठीवर हे शब्द कोरू नयेत, अशी मनाई त्यांनी केली. सहाबांवर त्यांचा विश्वास नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? एकच शिक्का चार बोटांत असेल तर तो शिक्का राहत नाही, इतकीच साधी गोष्ट आहे. सामायिक पासवर्ड म्हणजे चार बोटांतील एकच शिक्का.

खोट्या शिक्क्याने काय घडते हे महाराष्ट्राने २०१८ च्या ऑगस्टमध्ये पाहिले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत गुन्हेगारांनी शिरकाव केला. एटीएममधून कोणी पैसे मागितले की यंत्र बँकेला विचारते, द्यावेत काय? गुन्हेगारांनी अशी बनावट यंत्रणा मध्ये बसविली, की प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोहोचण्याऐवजी तीच 'होय' असे उत्तर देत राहिली. ११ ऑगस्टला अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या साहाय्याने पैसे काढले गेले आणि १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटींहून अधिक होती. आपल्या शेजारच्या नांदेडमध्येही २०२१ च्या जानेवारीत एका नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींवर रक्कम अशीच लांबविली गेली. या प्रकारांत तिजोरी फोडावी लागली नाही. खऱ्याच्या जागी उभे राहून खोट्याने 'होय' म्हटले, आणि ते 'होय' कोणाचे आहे हे वेळेत विचारले गेले नाही. तुमच्या मोबाईलवर "बँकेतून बोलतो आहे, ओटीपी सांगा" असे म्हणणारा आवाज हीच युक्ती लहान प्रमाणात करीत असतो.

यावर आपल्यातील काही भाविक म्हणतात, "अल्लाह राखणारा आहे." निःसंशय तोच राखणारा आहे. परंतु उंट बांधून भरवसा ठेवू की मोकळा सोडून, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे तिरमिजींच्या संग्रहातील वचन सर्वांना ठाऊक आहे. हजरत याकूब (अ.) यांनी मुलांना शहरात एकाच दाराने न शिरता वेगवेगळ्या दारांनी शिरण्यास सांगितले आणि लगेच हेही सांगितले, की अल्लाहच्या इच्छेपुढे माझा हा उपाय चालणार नाही, भरवसा त्याच्यावरच आहे (१२:६७). उपाय आणि भरवसा एकाच श्वासात! हिजरतीच्या रात्रीकडे पाहा. मदीना उत्तरेला आणि सौर गुहा मक्केच्या दक्षिणेला; तेथे तीन रात्री मुक्काम झाला आणि मागावरच्या पाऊलखुणा पुसण्यासाठी शेळ्यांचा कळप फिरविला गेला. त्याच रात्री जीव घेण्यास टपलेल्या कुरैशांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवण्यात आले. स्वतःची माहिती शत्रूपासून राखणे आणि शत्रूची अमानत शत्रूला पोहोचविणे, हे दोन्ही एकाच रात्री घडले. सावधगिरी आणि प्रामाणिकपणा यांत विरोध मानणाऱ्यांनी ही रात्र आठवावी.

मग आपण रोजच्या जीवनात काय करावे? माझ्या कामाने शिकविलेल्या काही गोष्टी सांगतो. पासवर्ड ही आपली मोहर आहे. ती पत्नी, भाऊ वा सहकारी यांच्यावरील प्रेमाची कसोटी नव्हे. सहकाऱ्याने मागितला तर "माझा विश्वास आहे, म्हणूनच तुम्हाला अडचणीत टाकीत नाही," असे सांगावे. आधारची प्रत द्यावी लागली तर ती कोणाला व कशासाठी दिली हे तारखेसह तिच्यावर लिहावे. जेथे चालते तेथे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. झेरॉक्सच्या दुकानात खराब निघालेली प्रत तेथेच टाकून येऊ नये. त्या प्रतींत उद्या भजी बांधली जातात. थोड्या पैशांसाठी आपले खाते, पासबुक वा सिमकार्ड दुसऱ्याला देणारा स्वतःला निष्पाप समजतो. पण त्या खात्यातून कोणा गरिबाचा घास जातो आणि गुन्ह्यातील वाटा त्याच्या नावावर लिहिला जातो. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. तेथे प्रत्येक तासाला महत्त्व असते.

आणि एक गोष्ट जरा कटू आहे. रमजानमध्ये आपल्या वस्त्यांत शिधावाटप होते. जकात घेणाऱ्या विधवांची छायाचित्रे, नावे, कधी आधारच्या प्रतीसुद्धा गटागटांतून फिरतात, आणि हेतू चांगला असतो, की देणगीदाराला हिशेब दिसावा. हिशेब अवश्य दिसावा. तो माझा व्यवसायच आहे. परंतु त्यासाठी पावत्या आहेत, नोंदवही आहे, लेखापरीक्षक आहे. दान उघडपणे देणे चांगले आणि गरिबांना गुप्तपणे देणे अधिक चांगले, अशी कुरआनची शिकवण आहे (२:२७१). देणाऱ्याने आपला हात झाकावा अशी जेथे अपेक्षा आहे, तेथे घेणारीचा चेहरा आपण गावाला दाखवितो. स्थळासाठी आलेल्या मुलींचे फोटो आणि परिचयपत्रे पुढे पाठवितानाही हाच विचार करावा. ते कागद आपल्याकडे वळलेल्या मानेने आलेले असतात.

राहिला हेरगिरीचा प्रश्न. तो आम्हा तपासणाऱ्यांसाठी आहे. संस्थेचे कपाट माझ्यासमोर उघडते तेव्हा त्यात कोणाच्या पगाराची जप्ती असते, कोणाच्या आजाराचे बिल असते, कोणाच्या तलाकचा कागद असतो. कामाला लागेल तेवढे पाहणे कर्तव्य आहे. त्यापुढे एक पान उलटणे ही हेरगिरी आहे, कपाटाची किल्ली मला रीतसर दिलेली असली तरीही. एकदा लग्नाच्या जेवणात एका स्नेह्याने मला हळूच विचारले, "त्या घराची स्थिती कशी आहे? तुम्हाला तर सगळे ठाऊक असेल." सोयरिकीचा सल्ला विचारला असता खरे सांगण्याची मुभा आहे, हे मी जाणतो. परंतु जे मला शेजारी म्हणून ठाऊक होते तेवढेच मी सांगितले. कामाच्या दारातून जे आत आले ते त्याच दाराने बंद व्हावे.

प्रेषितांनी जकात गोळा करण्यासाठी पाठविलेला एक अधिकारी परतल्यावर म्हणाला, की हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. त्याचा हिशेब प्रेषितांनी जाहीरपणे तपासला आणि विचारले, की तो आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर भेटी आल्या असत्या काय? हिशेब विचारणे ही प्रेषितांची सुन्नत आहे. ज्याला विचारला जातो त्याचा तो अपमान नव्हे. तो निर्दोष असेल तर त्याच्या निर्दोषपणाची ती पावती आहे. त्या तरुण लिपिकाला अशी पावती कोणी दिली नाही, कारण कोणी आधी विचारलेच नव्हते.

आता संगणकाच्या पडद्यावर चिकटविलेली चिठ्ठी दिसली, की मी ती अहवालात लिहितो. सचिव नाराज होतात, तरी लिहितो. "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला मी आता उत्तर देतो, "आहे, म्हणूनच लिहितो. उद्या काही घडले तर तुमच्या बाजूने बोलायला हा कागद राहील." काहींना पटते, काहींना पटत नाही. त्या वडिलांचा मुलगा आज कोठे आहे ते मला ठाऊक नाही. त्याची क्षमा मागावी म्हणून शोध घेतला, पण भेट झाली नाही. ते देणे माझ्या नावावर शिल्लक आहे.

न्यायनिवाड्याच्या दिवशी प्रत्येकाचे कर्मपत्र त्याच्यासमोर उघडले जाईल, आणि त्याला ते स्वतःच वाचण्यास सांगितले जाईल, की आज तुझा हिशेब घेण्यास तू स्वतः पुरेसा आहेस (१७:१४). इतरांचे हिशेब तपासण्यात आयुष्य घालविणाऱ्याला हे शब्द रात्री झोपू देत नाहीत. त्या पत्रकात जे सन्माननीय लेखनिक लिहितात (८२:१०-१२), त्यांच्याकडे एकाचे काम दुसऱ्याच्या नावे पडत नाही, आणि पाहूनही न लिहिलेली ओळ तेथे लिहिलेली असते.

अल्लाह आम्हा सर्वांना दुसऱ्याची अमानत ओळखण्याची दृष्टी, ती राखण्याचे ज्ञान आणि वेळेवर खरे लिहिण्याचे धैर्य देवो. आमीन.